दिल्लीच्या ऐतिहासिक वास्तू आणि चित्र-पोस्टकार्डांचा संग्रह : एक चिकित्सा

टपाल तिकिटांच्या वा नाण्यांच्या संग्रहाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा लाभली, ती चित्र-पोस्टकार्डांच्या संग्रहाला लाभली नाही. गेल्या चार दशकांत मात्र वसाहतकालीन पोस्टकार्डांकडे अभ्यासक गांभीर्याने पाहू लागले आहेत. अल्जीरियातील स्त्रियांच्या फ्रेंच पोस्टकार्डांवर मलेक अलुला यांनी १९८१ मध्ये लिहिलेला ग्रंथ, सलोनी माथुर यांचे 'इंडिया बाय डिझाइन' (२००७) आणि ओमर खान यांचे 'पेपर ज्युएल्स' (२०१८) ही या संदर्भातील ठळक उदाहरणे होत. यांपैकी पहिल्या दोन अभ्यासांचा पोस्टकार्डविषयक विवेचनातील मुख्य रोख माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चित्रणावर आहे. 'एतद्देशीय नमुना' म्हणून माणूस कसा विकला गेला, हे त्यांतून उत्तम रीतीने उलगडते. परंतु मनोरा, मशीद, किल्ला, वेस यांचे चित्र त्यामानाने निरुपद्रवी असते, असे एक गृहीत चर्चेच्या पार्श्वभूमीला राहून जाते. संग्राहकांच्या व्यवहारात तर ते उघडच दिसते. प्रस्तुत लेखात दिल्लीच्या वास्तूंच्या कार्डांच्या आधारे हे गृहीत तपासावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत सुरू झालेले पोस्टकार्ड भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला उपलब्ध झाले. ते अर्थात साधे, सरकारी कार्ड होते. चित्र-पोस्टकार्ड पुढे आले. ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये पत्ता आणि मजकूर एकाच बाजूस लिहिण्याची मुभा मिळाली, हळूहळू इतर देशांनीही ती दिली, आणि दर्शनी बाजू संपूर्णपणे चित्रासाठी मोकळी झाली. लंडनची राफाएल टक, मुंबईची क्लिफ्टन, खुद्द दिल्लीच्या चांदणी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स अशा संस्थांनी दिल्लीची दृश्ये बाजारात आणली. १९०३ आणि १९११ च्या दरबारांनी या बाजाराला मोठी गती दिली. भारतीय दृश्यांची पुष्कळशी कार्डे पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीत छापली जात. त्यामुळे लाल दगडाचा रंग एका कार्डात विटकरी, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात जवळजवळ जांभळा असा आढळला तर नवल नाही.

आता जामा मशिदीचे कोणतेही नेहमीचे कार्ड घ्यावे. प्रशस्त पायऱ्या, वर तीन घुमट, दोन मनोरे, आणि समोर विस्तीर्ण मोकळे मैदान. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजाचेही तसेच. दृष्टीला कोठेही अडथळा नाही. छायाचित्रणाच्या दृष्टीने ही जागा आदर्शच म्हणावी लागेल. परंतु शाहजहानने वसविलेल्या नगरात ही जागा अशी रिकामी नव्हती. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यानंतर किल्ला आणि मशीद यांच्या भोवतालची दाट वस्ती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे रान हवे म्हणून पाडण्यात आली. अकबराबादी मशीद नाहीशी झाली. उर्दू बाजार, खास बाजार, खानम का बाजार ही नावे मिर्झा गालिबच्या पत्रांत शोकाच्या सुरात येतात, ती याच पाडापाडीमुळे. किल्ल्याच्या आतही राजवाड्याचा फार मोठा भाग पाडून सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या. जामा मशीद जप्त झाली होती, ती १८६२ मध्ये मुसलमानांना परत मिळाली.

तात्पर्य, ज्या मोकळेपणामुळे ही वास्तू 'दर्शनीय' झाली, तो मोकळेपणा हाच तिच्या इतिहासातील सर्वांत हिंसक प्रसंगाचा अवशेष आहे. पोस्टकार्ड तो दाखवते, पण सांगत नाही. चित्राखालील ओळीत केवळ वास्तूचे व शहराचे नाव असते. दिवाण-ए-खासच्या कार्डांत नक्षीदार खांब आणि कमानी काळजीपूर्वक चौकटीत बसविलेल्या असतात आणि जवळच्या बराकी बहुधा चौकटीबाहेर राहतात. (याच दालनाचे रुप्याचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळविले. मराठी वाचकाची नजर त्या कार्डात छताकडे आधी जाते, यात आश्चर्य नाही. आणि लूट ही केवळ परक्यांची कृती होती असे मानण्याची सोयही मग आपल्याला उरत नाही.)

वास्तूंच्या निवडीकडे पाहिले असता दोन दिल्ली समोर येतात. एक मोगल व त्यापूर्वीच्या सुलतानांची : कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लाल किल्ला, जामा मशीद. दुसरी १८५७ च्या इंग्रज विजेत्यांची : काश्मिरी दरवाजा, फ्लॅगस्टाफ टॉवर, हिंदुरावाचा वाडा, टेकडीवरील १८६३ चे स्मारक, निकल्सनची कबर आणि १९०६ मध्ये बसविलेला त्याचा पुतळा. एकीत पराभूतांचे वैभव, दुसरीत जेत्यांचे शौर्य. या दोहोंच्या मध्ये जी दिल्ली जगत होती, ती बल्लीमारानच्या गल्ल्यांतून, हवेल्यांतून, छापखान्यांतून नांदत होती आणि प्रचलित मालिकांत तिला जागा अल्पच आहे. समकालीन कलकत्त्याच्या कार्डांशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. तेथे गव्हर्न्मेंट हाउस, रायटर्स बिल्डिंग, हायकोर्ट अशा कामकाज चालणाऱ्या इमारती 'प्रेक्षणीय' ठरल्या होत्या. १२ डिसेंबर १९११ रोजी राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली, तेव्हा राज्यकर्त्या समाजाच्या मनात दिल्लीची जी प्रतिमा होती ती भव्य, पण निर्मनुष्य भूतकाळाची होती. ती घडविण्यात या पाव आण्याच्या व्यवहाराचा वाटा नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

येथे सर सय्यद अहमद खान यांच्या 'आसार-उस-सनादीद'ची आठवण होते. १८४७ च्या पहिल्या आवृत्तीत दिल्लीच्या इमारतींबरोबरच तेथील विद्वान, सूफी, कवी, हकीम यांच्यावर स्वतंत्र प्रकरण होते. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते वगळले गेले. कारणे काहीही असोत, इमारत आणि माणूस यांची फारकत छायाचित्राच्या आधी ग्रंथात झालेली होती, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. सारा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारता येत नाही.

तो केवळ वसाहतवादी नजरेच्या माथीही मारता येत नाही, कारण मिर्झांसारखे प्रकाशक भारतीय होते. त्यांच्या दुकानात गोरा शिपाई आपल्या पलटणीच्या पराक्रमाची खूण विकत घेई. याच संस्थेने मक्केची दृश्येही प्रसिद्ध केली होती. एकाच गल्ल्यावर दोन वेगळ्या श्रद्धांचे ग्राहक येत होते. मिर्झांना सत्तेचे हस्तक ठरविणे सोपे आहे, तसेच त्यांना प्रतिकाराचे नायक ठरविणेही. दोन्ही वाचने मला घाईची वाटतात. धंद्याला गिऱ्हाईक कळते, आणि म्हणूनच त्याच्या मालात त्या काळची मागणी इतकी स्वच्छ उमटते.

संग्राहकाची शिस्त अभ्यासाला कशी उपयोगी पडते, याचे चांगले उदाहरण म्हणजे चांदणी चौकातील घंटाघर. नगरभवनासमोरचा हा मनोरा स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच कोसळला. त्यामुळे तो दाखविणारे छायाचित्र त्यापूर्वीचे. रस्त्यावर ट्रामचे रूळ दिसत असतील तर ते १९०८ नंतरचे. पाठीवरील तिकिटावर सातवा एडवर्ड असेल तर कार्ड बहुधा १९१० च्या आसपासपर्यंत टपालात पडलेले. अशा खुणांवरून कालनिश्चिती करता येते. पण चित्र टिपल्याचे वर्ष, छपाईचे वर्ष आणि टपालाचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असू शकतात, कारण एकच काच वर्षानुवर्षे वापरली जाई. ३० मार्च १९१९ रोजी याच घंटाघरापाशी स्वामी श्रद्धानंद गुरखा शिपायांच्या संगिनींसमोर छाती काढून उभे राहिले. त्यानंतर टपालात पडलेल्या एखाद्या कार्डावर चौक जुन्या काचेतला, निवांतच असू शकतो.

म्हणूनच संग्रहांची आजची मांडणी काळजी वाटावी अशी आहे. खाजगी संग्रहांत कार्डे वास्तूंनुसार लावतात : कुतुबची एक वही, किल्ल्याची दुसरी. 'न लिहिलेले, कोरे' कार्ड अधिक चांगल्या स्थितीतले समजले जाते. डिजिटायझेशनच्या नावाखाली पुष्कळदा दर्शनी बाजूच तेवढी टिपली जाते. प्रकाशकाचे नाव, मालिकेचा क्रमांक, छपाईचा देश, तिकीट, शिक्का आणि मजकूर पाठीवर राहतात आणि नोंदीतून गळतात. मग हाती उरते ते दिनांकहीन, प्रेषकहीन, सुंदर चित्र. म्हणजे मूळ प्रकाशकाला जे विकायचे होते नेमके तेच. आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत देणगीदाखल येणाऱ्या जुन्या अल्बमांच्या बाबतीत निदान दोन्ही बाजूंची प्रतिमा आणि अल्बममधील मूळ क्रम यांची नोंद ठेवली जावी. ज्या बाईने हुमायूनच्या कबरीशेजारी आपल्या पलटणीच्या तंबूचे कार्ड लावले, तिने त्या दोहोंत काही संबंध मानला होता. तो क्रम मोडून कबर 'कबर' या कप्प्यात टाकली की तो संबंध पुन्हा जुळविता येत नाही.

कप्प्यांची ही अडचण निकल्सनच्या पुतळ्याच्या कार्डापाशी सर्वाधिक जाणवते. काश्मिरी दरवाजाजवळचा हा पुतळा स्वातंत्र्यानंतर उत्तर आयर्लंडमधील डंगॅनन येथील त्याच्या जुन्या शाळेत हलविण्यात आला. टेकडीवरील स्मारक जागेवरच राहिले, पण १९७२ मध्ये त्याचे नाव अजीतगढ झाले आणि तेथे नवा शिलालेख बसला. एकीकडे वास्तू गेली व जागा उरली, दुसरीकडे वास्तू उरली व अर्थ बदलला. दोन्ही कार्डे मात्र संग्रहात आजही एकाच वहीत, 'म्युटिनी' या इंग्रजी शीर्षकाखाली, शेजारी-शेजारी सापडतात.