लोकस्थिती आणि प्रवासवृत्त : मराठी लेखनातील अमेरिका व जर्मनी येथील दैनंदिन जीवनाचे चित्रण

प्रस्तावना

जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत ‘यवन’ म्हणून उल्लेखिलेले काही दाते आढळतात. त्यांपैकी इरिल याने पाण्याच्या दोन पोढ्या म्हणजे टाकी दान दिल्या, तर चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या परकीयांची जी ओळख या भूमीने जपली आहे, ती त्यांच्या राजाची वा युद्धाची नसून पाण्याची व भोजनाची आहे. दोन संस्कृतींची खरी भेट नित्याच्या व्यवहारात होते, याची ही साक्ष होय.

परदेशाविषयीच्या मराठी लेखनात या नित्यव्यवहाराला कितपत स्थान मिळाले, याचा विचार अमेरिका व जर्मनी या दोन देशांच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. या निवडीला स्थानिक कारणही आहे. आंबेगावच्या दक्षिणेस, खेड तालुक्यातील चाकण येथे २००९ पासून मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. जुन्नरच्या द्राक्षबागायतदाराला युरोपीय बाजारासाठी ज्या ‘ग्लोबलगॅप’ प्रमाणपत्राची गरज भासते, त्या व्यवस्थेचे मुख्य कार्यालय जर्मनीतील कोलोन शहरात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले. अमेरिकेला जाणाऱ्या सुशिक्षितांचा प्रवाह तर त्याहून कितीतरी जुना आहे. अशा वेळी ‘अमेरिकन माणूस मोकळा, जर्मन माणूस शिस्तीचा’ एवढ्या एका वाक्यावर तरुणांची बोळवण होत असेल, तर त्या वाक्याची तपासणी करणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

लोकस्थितीची दृष्टी

या तपासणीचा आरंभ पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथापासून करावा लागतो. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि सुमारे तीन वर्षे त्या देशात राहिल्या. ग्रंथाच्या नावातील शब्दक्रम लक्षणीय आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. प्रवाशाला काय वाटले यापेक्षा लोक कसे राहतात, हे रमाबाईंना महत्त्वाचे वाटते. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय त्यांनी स्वतंत्रपणे हाताळले आहेत. अमेरिकन स्त्रीच्या मोकळेपणाचे कारण त्या तिच्या स्वभावात शोधत नाहीत. शाळा, मद्यपानबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संस्था, व्यवसायाची उपलब्धता, यांच्या आधारे त्या त्याचा उलगडा करतात.

या चित्राला मर्यादाही आहेत. रमाबाईंची अमेरिका मुख्यतः सुधारणावादी, प्रॉटेस्टंट, मध्यमवर्गीय घरांतून पाहिलेली आहे. ज्या लोकांनी त्यांच्या कार्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन केली, त्यांच्याविषयी कृतज्ञता असणे स्वाभाविक होते. इंग्रजांच्या अधिराज्याखालील वाचकापुढे एका प्रजासत्ताकाचे उदाहरण ठेवण्याचा हेतूही त्यामागे दिसतो. तथापि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष यांकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही. गुण आणि दोष दोन्ही व्यवस्थेत शोधण्याची ही पद्धती मराठीत आरंभीच सिद्ध झाली होती, हे विशेष होय.

प्रवासवृत्ताकडे कल

विसाव्या शतकाच्या मध्यास मराठी प्रवासवर्णनाने वेगळे वळण घेतले. गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) व पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) या ग्रंथांनी प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाला केंद्रस्थानी आणले. स्थळांच्या जंत्रीतून या वाङ्मयप्रकाराची सुटका झाली, हा लाभ मोठा आहे. परंतु त्याचबरोबर रमाबाईंच्या नामक्रमातील दुसरा शब्द पहिला झाला. अनुकरणकर्त्यांच्या हाती तर लोकस्थिती केवळ विनोदाचे वा विस्मयाचे निमित्त उरली.

अमेरिकेच्या बाबतीत ही उणीव काही अंशी भरून निघाली, कारण मराठी माणसे तेथे स्थायिक झाली. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. शोभा चित्रे यांच्या ‘गोठलेल्या वाटा’सारख्या लेखनातून तेथे घर केलेल्या मराठी माणसाचे जग वाचकांपुढे आले. अनिल अवचट यांनी आपली शोधक दृष्टी ‘अमेरिका’ या पुस्तकाद्वारे त्या देशाकडे वळविली. थोडक्यात, अमेरिकेचे स्वयंपाकघर, शाळा व शेजार मराठी वाचकाला आतून पाहता आला.

जर्मनी : घर नसलेले चित्र

जर्मनीच्या बाबतीत असे घडले नाही. मराठी माणूस जर्मनीला गेला तो प्रामुख्याने प्रयोगशाळेत, विद्यापीठात व कारखान्यात. दिनकर धोंडो कर्वे यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट तेथे मिळविली. त्यांच्या पत्नी इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले. वंशभेदानुसार ही असममिती बदलते, अशी मार्गदर्शकाची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसा भेद सिद्ध झाला नाही आणि त्यांनी तो निष्कर्ष प्रबंधात मांडला.

या घटनेला प्रस्तुत विषयात वेगळे महत्त्व आहे. माणसामाणसांतील भेद जेथे हाडांत शोधला जात होता, तेथे एका मराठी संशोधिकेने तो हाडांत नाही असे दाखविले. पुढे पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी दिंडीतील चालणे, भजन, स्वयंपाक व जातीनुसार वेगळ्या पडणाऱ्या पंगती इतक्या बारकाईने टिपल्या, की वारीचे समाजशास्त्र त्यातून उभे राहिले. मात्र जर्मनीवर त्यांचे स्वतंत्र पुस्तक नाही. बर्लिनमधील बिऱ्हाड, बाजार, रविवार यांचे असेच वर्णन त्यांनी लिहिले असते, तर मराठीत जर्मन लोकस्थितीचा पाया घातला गेला असता.

नंतरच्या काळात जर्मनी मराठीत आली ती रंगभूमीवरून. ब्रेश्टची नाटके चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ व पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपांनी आली. तमाशा फडांच्या नारायणगावाला जवळचा वाटावा असा हा मार्ग खरा. पण त्या मार्गाने जर्मन विचार आला, जर्मन घर आले नाही. परिणामी अमेरिकेचे चित्र घरातून व जर्मनीचे चित्र कामाच्या जागेवरून रेखाटले गेले. घरात माणूस मोकळा दिसतो आणि कामावर शिस्तीचा दिसतो, हे कोणत्याही देशात खरे आहे. दोन राष्ट्रांचा स्वभावभेद म्हणून जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग निरीक्षकाच्या उभे राहण्याच्या जागेतील भेद आहे.

शिस्त आणि मोकळेपणा

याचा अर्थ दोन्ही देशांच्या दैनंदिन जीवनात भेद नाही असा नव्हे. भेद आहेत आणि ते ठळक आहेत. परंतु त्यांची मुळे व्यवस्थेत सापडतात. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षण देण्यात आले आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते कायम ठेवले. अमेरिकेत रविवारी बाजार गजबजलेला असतो. यावरून एक समाज शांतताप्रिय व दुसरा व्यापारी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा तेथील अनेक राज्यांत रविवारच्या व्यवहारांवर कायद्याची बंधने होती. ती मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैल झाली. म्हणजे जो मोकळा रविवार आज अमेरिकन स्वभावाचा भाग मानला जातो, तो रमाबाईंच्या अमेरिकेत नव्हता.

आजारपण व रजा यांबाबतही हेच दिसते. जर्मनीत कामगारांसाठी सक्तीचा आरोग्यविमा १८८३ पासून आहे. १९६३ च्या कायद्यानुसार सहा दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २४ दिवसांची भरपगारी रजा मिळते. अमेरिकेत खासगी नोकरांना भरपगारी रजा देण्याची सक्ती करणारा सर्वसाधारण संघीय कायदा नाही आणि काम करण्याच्या वयातील बहुसंख्यांचा आरोग्यविमा नोकरीशी निगडित असतो. नोकरी गेल्यास विमाही जाण्याचा धोका असलेला मनुष्य आणि तो धोका नसलेला मनुष्य यांचे बोलणे, खर्च करणे, सुट्टी घेणे सारखे असू शकत नाही. ‘अमेरिकन माणूस सतत धावतो’ हे प्रवाशाचे निरीक्षण खरे असले, तरी तो का धावतो हे लोकस्थितीच सांगू शकते.

शिवाय हे दोन समाज परस्परांपासून अलग नाहीत. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत सुरू केलेली बालशिक्षणाची पद्धती जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेली. १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे जर्मन भाषेतील बालोद्यान सुरू झाले. हीच किंडरगार्टन पद्धती रमाबाईंनी फिलाडेल्फियास अभ्यासली आणि मायदेशी आणली. अमेरिकेकडून घेतले असे ज्याला आपण म्हणतो, त्यात जर्मनी असा मिसळलेला आहे.

संबोधनाचा प्रश्न

मराठी लेखकाजवळ या भेदांच्या चित्रणासाठी एक उत्तम साधन आहे. ते म्हणजे ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ ही संबोधने. जर्मन भाषेत ‘डू’ व ‘झी’ असे दोन स्तर आहेत. इंग्रजीत ‘यू’ हा एकच उरला आहे. मराठी लेखक जर्मनीचा अनुभव इंग्रजीच्या मध्यस्थीने घेतो तेव्हा हा भेद हातून निसटतो.

तथापि ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ असे सरळ समीकरणही फसवे ठरते. मराठीतील ‘तुम्ही’ वय, नाते व मान यांवर ठरते; म्हणूनच जुन्या वळणाच्या घरात पत्नी पतीला ‘अहो’ म्हणते आणि मूल आईला ‘तू’ व वडिलांना ‘तुम्ही’ म्हणते. आजच्या जर्मन कुटुंबात सर्वांना ‘डू’ असते. ‘झी’ हे परिचयातील अंतराचे द्योतक आहे आणि ते अंतर मिटविण्याचा प्रस्ताव सामान्यतः वयाने वा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने करावयाचा असतो. तेव्हा वरिष्ठाने आडनावाने हाक मारली म्हणून त्यास तुसडा समजणे जितके चूक, तितकेच अमेरिकन वरिष्ठाने पहिल्या दिवशी नावाने बोलाविले म्हणून अधिकाराची उतरंड संपली असे समजणे चूक आहे. मंचरच्या वा जुन्नरच्या तरुणाला परदेशी कामावर पहिल्या आठवड्यात ज्या गैरसमजाला तोंड द्यावे लागू शकते, त्याचे स्पष्टीकरण त्याच्या मातृभाषेच्या व्याकरणातच आहे.

एक आक्षेप

प्रवासवर्णन हे ललित वाङ्मय आहे, त्याच्याकडून कायदे व विमा यांची माहिती मागणे अरसिकपणाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. त्यात तथ्य आहे. प्रवासवर्णनाला समाजशास्त्राचा ग्रंथ करणे कोणालाच इष्ट वाटणार नाही. परंतु ‘वाटचाल’ हा लेख ललितही आहे आणि लोकस्थितीचे ज्ञान देणाराही आहे. लालित्य व ज्ञान यांत विरोध नाही. विरोध आहे तो निरीक्षण आणि ठोकळेबाज विधान यांत. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी महाराष्ट्रातील धनगरांच्या वाड्यांवर जाऊन त्यांच्या ओव्या व कथा ऐकल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांवर ग्रंथ लिहिला. अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत आणला. एका जर्मन व एका अमेरिकन अभ्यासकाने मराठी मुलखातील नित्यजीवनाला दिलेले हे लक्ष पाहिले, म्हणजे त्यांच्या नित्यजीवनाला मराठीने दिलेले लक्ष अपुरे वाटू लागते.

समारोप

मराठी लेखनातील अमेरिका व जर्मनी यांचा भेद हा बऱ्याच अंशी घरातून पाहणे व कामाच्या जागेवरून पाहणे यांतील भेद आहे. रमाबाईंनी दाखविलेली लोकस्थितीची दृष्टी पुढे प्रवासवृत्ताच्या सावलीत गेली, तर इरावतीबाईंची निरीक्षणशक्ती जर्मनीच्या वाट्याला ग्रंथरूपाने आली नाही. आता महाराष्ट्रातून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक जर्मनीस जाण्याची व्यवस्था होत आहे. ते तेथे भाड्याच्या घरांत राहतील, शेजाऱ्यांच्या वेळा सांभाळतील, मुलांना तेथील शाळेत घालतील. मराठीला प्रथमच जर्मनी घरातून पाहणारा निरीक्षक मिळण्याची ही संधी आहे. त्यांची पत्रे, टिपणे व आठवणी जतन करणे आणि विद्यार्थ्यांना अशा लेखनाचे वळण लावणे, हे महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज शक्य असलेले कार्य आहे. पाणी कोठून भरले आणि जेवण कोणाच्या पंगतीला झाले, एवढे जरी त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले, तरी लोकस्थितीचा खंडित झालेला धागा पुन्हा जुळेल.