'नाहीं' म्हणण्यापूर्वीं

हस्तलिखितांच्या सूची आतां संगणकावर आल्या आहेत. गुहागरास बसून पुण्यामुंबईच्या संग्रहांतील नोंदी पाहतां येतात, ही सोय अमूल्य होय. परंतु तिजबरोबर एक दोष शिरला आहे. एक शब्द घालावा आणि कांहीं न निघाल्यास 'अशी पोथी उपलब्ध नाहीं' असें लिहून मोकळें व्हावें, ही प्रवृत्ति वाढत आहे. तिचा परामर्श घेणें अवश्य वाटतें.

भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, तें योग्यानुपलब्धीपुरतेंच. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच न दिसण्यानें अभाव सिद्ध होतो. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून घट नाहीं असें ठरत नाहीं.

आमचाच प्रमाद सांगतों. येथील व्याडेश्वराविषयींची पोथी आम्हीं एका रोमन लिपींतील सूचींत शोधिली, मिळाली नाहीं. रोमन लेखनांत 'श्वर' अनेक प्रकारें लिहितात, हें ध्यानीं आलें नव्हतें. 'व्याड' एवढाच आद्यांश घातला, तेव्हां माहात्म्याची नोंद पुढें आली.

नामभेद तर पदोपदीं आहे. 'ज्ञानेश्वरी' शोधणारानें 'भावार्थदीपिका'ही शोधिली पाहिजे. कालगणनेचेंही तेंच. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. त्या दिवसांच्या कागदावर शके १६८२ असेल, किंवा 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे शुहूर सन ११६१, असेल. सूचीकारानें सन फिरवून लिहिला नसेल, तर नुसतें १७६१ घालणाऱ्याच्या हातीं तो कागद लागावयाचा नाहीं. यास्तव एकाच वस्तूचीं पर्यायी नांवें 'किंवा'नें जोडून जाळें पसरावें आणि भिन्न विषय 'आणि'नें जोडून तें आवळावें. एक नोंद सांपडतांच ती कोणत्या विषयाखालीं घातली आहे तें पाहून त्या विषयाखालीं पुन्हां शोध करावा.

इतकें करूनही यंत्र नोंद वाचतें, पोथी वाचीत नाहीं. बाडांतील पहिल्याच प्रकरणाचें नांव नोंदलेलें असेल, तर बाकीचीं प्रकरणें अंधारांतच राहतात. तेथें मूळ बाड उलगडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, 'नाहीं' लिहिणारानें कोणती सूची, कोणत्या शब्दांनीं व केव्हां पाहिली, हें सांगावें. एकदां 'नाहीं' छापलें कीं पुढील अभ्यासक शोधीत नाहीं, आणि कोठें तरी माळ्यावर असलेली पोथी वाळवीच्या स्वाधीन होते.