गोष्ट कळली, चित्राचं काय?

ऊस परिषदेमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या जयसिंगपुरात कॉलेजच्या पोरांना 'अटॅक ऑन टायटन'चा शेवट पटला का, असं विचारून पाहा. अर्धा तास सुटका नाही. ही पिढी डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत पाहत वाढली. आधीच्या पिढीनेही दूरदर्शनवर जपानी मोगली पाहिला होता, फक्त तो जपानी आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये 'डीमन स्लेयर'चा चित्रपट भारतभर गाजला आणि थिएटरवाल्यांनाही या प्रेक्षकाची दखल घ्यावी लागली. प्रेक्षक आहे, त्याची जाणकारीही दांडगी आहे. अ‍ॅनिमेची म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची मराठी समीक्षा मात्र लंगडी आहे.

बोलणं चालतं ते पुढे काय झालं आणि कोण कुणाला हरवेल यावर. साप्ताहिक मालिका मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, फार जवळ आली की मांगाकाराला पुढचं काढायला अवधी मिळावा म्हणून मधे भरीचे भाग घालतात, ते 'फिलर'. कोणते भाग गाळायचे याच्या याद्या पोरांना पाठ असतात. कथानक पुढे सरकत नाही ते सगळं फालतू, हा न्याय कादंबरीला लावला तर नेमाड्यांच्या 'कोसला'तली (1963) निम्मी पानं फाडावी लागतील.

ज्यांनी थोडाफार साहित्यसिद्धान्त वाचला आहे त्यांची गत निराळी. 'इव्हँजेलियन' (1995-96) आलं की फ्रॉइड हजर, लढवय्या पोरगा नायक असला की जोसेफ कॅम्पबेलचा वीरप्रवास. कुणी नवरसांची लेबलं चिकटवतो. यात चुकीचं काही नसतं. पण हे सगळं नुसतं कथासार वाचूनही लिहिता येतं. चित्र हललं काय, थांबलं काय, लेखाला फरक पडत नाही.

जपानी विचारवंत हिरोकी अझुमा अधिक कामाचे. ओताकू चाहत्यांवरच्या 2001 च्या पुस्तकात ते म्हणतात की हा चाहता मोठ्या कथेवर विश्वास ठेवत नाही. केसांचा रंग, पोशाख, बोलण्याची ढब अशा सुट्या घटकांच्या कोठारातून जुळवलेली पात्रं तो उपभोगतो. निरीक्षण मार्मिक आहे. पण ठरीव घटकांवर रंगणारा प्रेक्षक आधुनिकोत्तर जपाननेच घडवला, हे तमाशा पाहिलेल्या माणसाला पटणं कठीण. गवळणीत पेंद्या येणार, मावशी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजची मावशी कशी रंगते ते पाहायला माणसं बसतात. मावशीला गवळणीतून सुटं काढून तिच्या बाहुल्या कुणी विकल्या नाहीत, एवढा फरक अझुमांच्या पदरात टाकू.

आपल्याकडचं खरं हत्यार मर्ढेकरांचं आहे आणि ते गंजत पडलं आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) मध्ये त्यांनी कलाकृतीची घडण संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी समजावली. अ‍ॅनिमेला ही मांडणी विलक्षण लागू पडते, कारण त्याचा जन्मच काटकसरीतून झालेला आहे. मांगाकार तेझुकांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ने (1963) टीव्हीच्या वेळात आणि पैशात बसावं म्हणून चित्रांची संख्या कमी केली. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यात एक चित्र तीन फ्रेम टिकवलं तर आठ चित्रांत भागतं. पुढे याच कमतरतेची शैली झाली. 'इव्हँजेलियन'च्या चोविसाव्या भागात नायक शिंजीच्या यंत्राच्या मुठीत त्याचा मित्र कावोरू आहे. चित्र मिनिटाहून अधिक काळ गोठलेलं आणि मागे बेथोव्हनची नववी सिंफनी चढत जाते. डोळ्याला स्थिरता, कानाला वेग: विरोधलयीचं इतकं उघडं उदाहरण मर्ढेकरांनाही मिळालं नसतं. 'बजेट संपलं होतं' असं सांगून हे दृश्य उडवून लावणारे भेटतात. संपलं असेलही, पण त्या मिनिटाचं काय केलं, ते बघा की!

मर्ढेकर सगळीकडे पुरत नाहीत, हेही खरं. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988) निव्वळ लयीत मावत नाही. कोबेवरचे बॉम्ब आणि नातेवाइकांकडच्या जेवणाचा हिशेब तिथे आत घ्यावाच लागतो. पण केवळ 'युद्धविरोधी' म्हणूनही हा चित्रपट संपत नाही. ते वर्णन खुद्द दिग्दर्शक ताकाहातांनी नाकारलं होतं. मेलेला भाऊ तांबड्या उजेडात उभा राहून स्वतःचीच हकिगत पाहतो. निवेदक कोण, काळ कुठला, हे प्रश्न तो रंग उभे करतो. आपल्या लेखांतून नेमका तोच सुटतो.

अशी नजर मराठीत नवी नाही. अरुण खोपकरांनी 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' (1985) मध्ये छायाप्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल आणि गाण्यांचं चित्रण यांतून अर्थ काढून दाखवला. नाव शोकांतिकेचं, पण वाचन पडद्याचं. अ‍ॅनिमेवर मराठीत लिहू पाहणाऱ्याने फ्रॉइडच्या आधी हे पुस्तक वाचावं.

आणि जयसिंगपूरच्या पोरांना एवढंच सांगणं: आवडत्या मालिकेचा एक भाग आवाज बंद करून पाहा. मग गोष्ट अजिबात न सांगता त्यावर दोन पानं मराठीत लिहा, आणि ती तुमच्या कॉलेजच्या वार्षिकांकाला द्या.