‘सर’ या संबोधनाची किंमत

आपल्या घरांतून ‘सर’ हा शब्द केव्हाच मराठी झाला आहे. गणिताचे सर, चित्रकलेचे सर; निवृत्तीनंतरही गावभर ते ‘सर’च राहतात. हा मान मिळविण्यासाठी आपल्याकडील शिक्षकाला फारसे काही करावे लागत नाही. नेमणुकीच्या पत्राबरोबरच तो घरी येतो. त्यामुळे ई. आर. ब्रेथवेट यांचे ‘टू सर, विथ लव्ह’ (१९५९) हे आत्मकथन आम्ही पुन्हा हाती घेतले, तेव्हा शीर्षकापाशीच थबकलो. या पुस्तकात तो शब्द आधी मागून घ्यावा लागतो आणि नंतर कमवावा लागतो.

ब्रेथवेट यांचा जन्म १९१२ साली ब्रिटिश गयानातील जॉर्जटाऊन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. केंब्रिजला त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला. अंगावर गणवेश होता तोवर इंग्लंडने त्यांना आपले मानले. तो उतरताच काळ्या वर्णाच्या या उच्चशिक्षिताला कोणी नोकरी देईना. निरुपायाने त्यांनी पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील शाळा पत्करली. वाट्याला आली ती शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावरील मुले : डेस्कची झाकणे आपटणारी, शिवराळ, शिक्षकाला नामोहरम करण्यात पटाईत. एके दिवशी संयम सुटतो, आणि त्या पश्चात्तापातूनच त्यांना वाट सापडते. या मुलांना मुले न मानता उद्याची प्रौढ माणसे मानावयाचे. मुलींना ‘मिस’ म्हणावयाचे, शिक्षकाला ‘सर’.

पुस्तकातील सर्वांत बोलका प्रसंग प्रवासातला आहे. वर्ग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय पाहावयास निघतो. भुयारी रेल्वेत काळ्या माणसासोबत गोऱ्या मुली पाहून दोन वृद्ध स्त्रिया कुजबुजतात, आणि पामेला डेअर ही विद्यार्थिनी त्यांना ठणकावते की हे आमचे शिक्षक आहेत. लंडनच्या लेकरांना लंडन दाखवावयास परदेशी माणूस लागावा, आणि त्या परदेशी माणसाचा मान राखावयास त्याच शहराची एक उनाड समजली गेलेली पोर उभी राहावी, हे चित्र लेखकाने भाष्याचा भार न घालता रेखाटले आहे.

तथापि पुस्तकातील उणिवा झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. वर्गाचे परिवर्तन फार लवकर घडते. ज्यांनी कुमारवयीन मुलांना शिकविले आहे त्यांना ते पटणे कठीण. वस्तीतील सामान्य स्त्रीपुरुषांचे वर्णन करताना लेखकाच्या नजरेत कधी कधी तोच उच्चपणा डोकावतो, ज्याचा त्यांना स्वतःला जाच झाला. आणखी एक गोष्ट. मुख्याध्यापक फ्लोरियन या पात्रामागे ॲलेक्स ब्लूम हे खरे शिक्षक होते. छडीवाचून शाळा आणि मुलांना मोकळेपणाने मत मांडण्याची मुभा हे प्रयोग त्यांनी १९४५ पासून तेथे चालविले होते. मुले सुधारली ती एकट्या नव्या सरांमुळे नव्हे. नांगरलेली जमीन त्यांना आयती मिळाली होती. वाचकाने हे ध्यानी ठेवावे.

सर्वांत गंभीर प्रश्न पुस्तक स्वतःच उपस्थित करते. व्यायामशिक्षकाच्या हट्टामुळे एक स्थूल मुलगा पडतो, त्याचा मित्र पॉटर संतापून त्या शिक्षकावर धावून जातो. ब्रेथवेट पॉटरला माफी मागावयास लावतात. मुले विचारतात, शिक्षकाने माफी मागावयाची नाही काय? समाधानकारक उत्तर मिळत नाही. पुढे एका उपाहारगृहात वेटर अपमान करतो तेव्हा ब्रेथवेट गप्प राहतात, आणि त्यांची सहकारी व प्रेयसी गिलियन त्या गप्प राहण्यावरच संतापते. संयम आणि लाचारी यांतील सीमारेषा कोणती? लेखकाला ती सापडलेली नाही. परंतु न सापडल्याचे लपविले नाही, हा आमच्या मते पुस्तकाचा मोठा गुण होय.

१९६७ साली जेम्स क्लॅव्हेल यांनी यावर चित्रपट काढला. सिडनी पॉयटिए यांचा रुबाबदार अभिनय अविस्मरणीय खरा, पण गिलियनशी असलेले प्रेमसंबंध गाळल्याने वर्णद्वेषाची धार बोथट झाली. चित्रपट पाहून पुस्तक वाचल्याचे समाधान कोणी मानू नये.

वर्गातील सील्स या मिश्र वंशाच्या मुलाची आई वारते. मुले फुलांसाठी पैसे जमवितात, पण लोक काय म्हणतील या भयाने ती त्या घरी नेण्यास धजत नाहीत. शिक्षकाचा विश्वास कोसळतो. आणि अंत्ययात्रेच्या वेळी पाहावे, तर वर्ग तेथे उभा असतो. येथे शिक्षकाने काहीच शिकविलेले नाही. मुलांनीच त्यांच्या निराशेला खोटे ठरविले आहे.

आज आपल्या घरोघरची मुले आखातात, युरोपात, कॅनडात नोकरीस जातात. त्यांतील काही तेथे शिकवितातही. परक्या देशात मान मागावा कसा आणि गिळावा किती, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे. त्यांच्या सामानात हे पुस्तक अवश्य असावे. आणि जे येथेच राहून ‘सर’ म्हणवून घेतात, त्यांनीही ते वाचावे. आयता मिळालेला शब्द आपण कधी कमावला काय, हे स्वतःस विचारण्यासाठी.