रोपं मोजली, पण झाड बघितलं का?

जंगली आवळ्यावरचे शोधनिबंध सध्या ओळीने वाचतेय. आवळ्याला इंग्रजीत 'इंडियन गूसबेरी' म्हणतात. वनस्पतिशास्त्रातल्या 'बेरी'च्या काटेकोर व्याख्येत तो बसत नाही, पण तो वाद आज बाजूला ठेवू. प्रश्न वेगळा आहे: एखाद्या जंगलातल्या आवळ्यांची तब्येत बरी आहे की बिघडलीये, हे संशोधक ठरवतात कसं? आणि त्यांनी दिलेल्या निकालाची झळ कुणाला बसते?

उदाहरण घेऊ कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांचं. चामराजनगर जिल्ह्यातलं हे जंगल १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्प. इथे आवळ्याच्या दोन जाती आहेत, आपला नेहमीचा फायलँथस एम्ब्लिका आणि त्याचा भाऊबंद फायलँथस इंडोफिशरी. दोन्हींची फळं सोलिगा आदिवासी गोळा करतात. सहकारी संस्थेमार्फत विकली की हातात रोख पैसा येतो. तुमच्या-माझ्या घरातल्या लोणच्यात आणि च्यवनप्राशात असाच कुठला तरी जंगलातला आवळा असू शकतो.

आता पद्धत. सगळ्यात सोपी आणि म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत अशी: जंगलात चौकोन आखायचे, त्यातलं प्रत्येक आवळ्याचं झाड मोजायचं, छातीच्या उंचीला खोडाचा घेर घ्यायचा आणि लहान-मोठ्या आकारांचे गट पाडून आलेख काढायचा. रोपं भरपूर, मध्यम झाडं त्याहून कमी, म्हातारी मोजकी, असा उतरता आलेख आला तर 'तब्येत चांगली'. रोपांचा खांब बुटका निघाला तर 'पुनरुत्पादन कमी'. आणि पुढच्याच परिच्छेदात कारण हजर असतं: लोक फळं तोडतात, बिया उरत नाहीत, म्हणून रोपं नाहीत.

ऐकायला पटतं. माझा आक्षेप इथेच आहे.

एकदाच काढलेला आलेख हा फोटो असतो. फोटोवरून माणूस बारीक होत चाललाय की मुळातच बारीक आहे, हे कळत नाही. रोपं कमी दिसतात ती यंदा पाऊस कमी पडला म्हणून, चितळांनी खाल्ली म्हणून, घाणेरीच्या (तुमच्याकडे टणटणी म्हणत असतील) दाट जाळीखाली ऊन पोचलं नाही म्हणून, की खरंच बिया पडल्या नाहीत म्हणून? आलेख यातलं काहीच सांगत नाही. वस्तीजवळचं आणि वस्तीपासून दूरचं जंगल शेजारी ठेवून तुलना केली तरी अडचण सुटत नाही. वस्तीजवळ फक्त फळतोड जास्त असते असं थोडंच आहे? गुरं चरतात, सरपण निघतं, वाटांच्या कडेने घाणेरी पसरते. पाच गोष्टी एकत्र बदलल्या आणि दोष एकीलाच दिला, तर ते संशोधन नव्हे, पंचनाम्याआधीची अटक झाली.

शिवाय झाडाचं गणितच वेगळं असतं. एका आवळ्यात साधारण सहा बिया, आणि झाडावर फळं किती लागतात ते तुम्ही पाहिलंच असेल. यातल्या बहुतेक बिया तशाही मरणारच. दीर्घायुषी झाडांच्या लोकसंख्येचं गणित मांडलं की पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: समूहाचं भवितव्य बियांच्या संख्येपेक्षा मोठी झाडं जगण्यावर जास्त अवलंबून असतं. शंभर बिया कमी पडल्या तर फारसा फरक पडत नाही, पण फळणारं एक जुनं झाड वाळलं तर पडतो. म्हणजे 'किती फळं नेली?' याआधी 'मोठी झाडं मरतायत का, आणि कशाने?' हे विचारायला हवं.

आणि तिथे मारेकरी समोर लटकलेला असतो. बांडगूळ! टॅक्सिलस टोमेंटोसस नावाचं हे अर्धपरजीवी झुडूप आवळ्याच्या फांदीत आपली मुळं घुसवतं आणि पाणी-क्षार ओढतं. पानं हिरवी असतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला झाड छान डवरलेलं वाटतं. बी चिकट असतं. फुलटोच्यासारखे पक्षी फळ खातात आणि बी दुसऱ्या फांदीला चिकटवून जातात. खोडाचा घेर मोजणाऱ्या टेपला यातलं काहीही कळत नाही. त्यासाठी मान वर करून फांदी न् फांदी बघावी लागते, शक्यतो दुर्बिणीने. मान अवघडते, हे स्वानुभवाने सांगते.

म्हणूनच तमारा टिक्टिन, गणेशन आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा 'जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी'मधला निबंध मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तीच झाडं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा पाहिली आणि फळतोड, बांडगूळ, घाणेरी, आग यांचे परिणाम वेगवेगळे करायचा प्रयत्न केला. दोन्ही जाती घटतायत, पण त्या घटीत फळतोडीपेक्षा बांडगुळाचा आणि घाणेरीचा हात मोठा, असं त्यातून पुढे आलं. तोडीला सरसकट माफी नाही हं. फळांसाठी फांद्याच छाटल्या तर ती जखम खरीच असते. पण आरोपींची रांग बदलते.

रांग बदलली याने काय होतं? २००० च्या दशकाच्या मध्यात इथे विक्रीसाठी वनोपज गोळा करायला बंदी आली. बंदीचं कारण कायद्यातलं होतं, शोधनिबंधांमुळे ती आली असं मी म्हणत नाही. पण 'तोडणारे थांबले की झाडं सावरतील' हा समज तिच्या पाठीशी उभा राहतो, आणि आपल्या घाईच्या आलेखांनी तो समज पोसलाय. सोलिगांचं उत्पन्न गेलं, बांडगूळ जागेवरच राहिलं. उलट फळांसाठी झाडावर चढणाराच जर येईनासा झाला, तर बांडगूळ कापून टाकायचं कुणी? पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये वनहक्क कायद्याखाली सोलिगांना सामूहिक हक्क मिळाले. मधली वर्षं कुणी भरून दिली नाहीत.

सोलिगांचं स्वतःचं निदान याहून जुनं आहे. उन्हाळा कडक व्हायच्या आत पालापाचोळ्याला लावायची हलकी आग, त्यांच्या भाषेत 'तरगु बेंकी', बंद झाली आणि बांडगूळ-घाणेरी माजली, असं ते सांगतात. लुसी रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे म्हणणं परीक्षेला घेतलं. याचं मला कौतुक आहे, कारण एरवी अशी माहिती प्रस्तावनेत एका आदरयुक्त वाक्यात गुंडाळतात आणि पुढे विसरतात. पण आदर म्हणजे डोळे मिटून मान्य करणंही नाही. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये मांडलेलं गृहीतक उलट दिशेने जातं: आगीने घाणेरीला जागा मिळते आणि घाणेरी पुढच्या आगीला इंधन पुरवते.

दोन्ही म्हणणी एकदम खरी असू शकतात. मोकळ्या रानातली पाचोळ्याची गुडघाभर आग आणि डोक्याएवढ्या घाणेरीत पेटलेली आग, या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग तक्त्यात 'आग: होय / नाही' असा एकच रकाना ठेवून कसं चालेल? आग कुठल्या महिन्यात लागली, ज्वाळा किती उंच होत्या, कुणी लावली, खाली घाणेरी होती की गवत, एवढं तरी लिहायला हवं. अशी नोंद असलेले निबंध मी शोधतेय. फार सापडत नाहीत. आणि नोंदीच्या पुढे जाऊन खरी कसोटी घ्यायची, म्हणजे काही चौकोनांतली घाणेरी आधी हाताने काढून सोलिगांच्या पद्धतीने आग लावायची, काही तसेच ठेवायचे आणि दहा वर्षं वाट बघायची, तर व्याघ्र प्रकल्पात काडी ओढायच्या परवानगीवर सही कुणाची घ्यायची?