'सह' आणि 'सम': एका कार्यकर्ता-मार्गदर्शिकेविषयी

लोकोपयोगी संस्थांच्या कार्यकर्त्यांना मानवकेंद्री अभिकल्पाचे शिक्षण मिळावे, या हेतूने 'आयडिओ' या अमेरिकन अभिकल्पसंस्थेने २००९ साली गेट्स प्रतिष्ठानाच्या साहाय्याने एक साधनसंच प्रसिद्ध केला. ज्याच्यासाठी योजना आखावयाची त्याच्या जीवनापासून विचारास आरंभ करावा, हे त्याचे सूत्र. त्यातील कार्याचे टप्पे तीन: ऐकणे, घडविणे, पोचविणे. आयडिओतूनच २०११ साली निघालेल्या सेवाभावी संस्थेने २०१५ मध्ये मार्गदर्शिका काढली. तीत ५७ पद्धती आहेत. परंतु टप्प्यांची नावे आता स्फूर्ती, कल्पना आणि कार्यवाही अशी आहेत.

हा बदल केवळ शाब्दिक मानणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. 'ऐकणे' म्हटले की बोलणारा दुसरा माणूस गृहीत धरावाच लागतो. 'मला स्फूर्ती झाली' या वाक्यात मात्र त्याची गरज उरत नाही. नव्या मार्गदर्शिकेतही मुलाखतीस मानाचे स्थान आहे, हे खरे. पण ती कोणासाठी घ्यावयाची, हे विद्यार्थी टप्प्याच्या नावावरूनच शिकतो.

'एम्पथी' या संज्ञेचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. रॉबर्ट फिशर याने १८७३ मध्ये सौंदर्यविचारात योजलेल्या जर्मन शब्दावरून टिचनरने १९०९ मध्ये तो इंग्रजी प्रतिशब्द घडविला. प्रेक्षकाने वस्तूच्या आकारात आपली भावना ओतावी, असा मूळ आशय. आकार उलट उत्तर देत नाही, माणूस देतो.

मराठीत 'सहानुभूती'ला दयेची छटा चिकटल्यामुळे 'समानुभूती' हा शब्द पुढे आला आहे. पण 'सम' या उपपदाचा दावा फार मोठा आहे. एक दिवस हंडा वाहिलेल्या कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी तो उचलावा लागत नाही; पाणी भरणाऱ्या बाईला लागतो. 'सह' हे उपपद अधिक विनम्र, म्हणूनच अधिक सत्य आहे.

पाण्याविषयी विचारले असता ती बाई "चाललंय की!" म्हणते. हे उत्तर समाधानाचे, संकोचाचे, की पाहुण्याला वाटेला लावण्याचे, हे ओळखण्यास शिकविणे, हे अशा अभ्यासक्रमाचे पहिले कार्य होय. दुसरे त्याहून कठीण आहे: तयार नमुना तिच्यापुढे ठेवल्यावर तिने दिलेला नकार निर्णायक मानणे. तेवढे साधत नसेल, तर केंद्रस्थानी मानव असेल खरा. परंतु तो योजना आखणारा असेल.