अपरिचित, पण कुणाला?

बेळ्ळंदूरच्या तळ्यावरचा फेस फोटोत हुबेहूब बर्फासारखा दिसतो. काही वर्षांपूर्वी तसा एक फोटो मी पुण्याला बहिणीकडे पाठवला, तर तिने विचारलं, "मनालीला कधी गेलीस?" फोटो खराच होता, खाली ओळ तेवढी नव्हती.

व्हित्तोरिओ सेल्लाच्या सिनिओल्चूच्या छायाचित्रांवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना हे आठवलं. १८९९मध्ये डग्लस फ्रेशफील्डच्या तुकडीबरोबर सेल्ला कांचनजंगेची प्रदक्षिणा करायला निघाला. झेमू हिमनदीवर अवेळी बर्फ कोसळलं. सिक्कीममधलं हे ६८८८ मीटरचं शिखर कांचनजंगेशेजारी ठेंगणंच, पण सेल्लाने ते असं टिपलं की थोरली बहीण विसरावी. उभ्या भिंतीवर बर्फाच्या पन्हळी, वर पात्यासारखी धार. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारख्याने सेल्लाला वाखाणलं आहे. या चित्रांच्या सौंदर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला मात्र त्यांचा स्पष्टपणा मोठा वाटतो. सेल्ला डोंगराला धुक्यात गूढ करत नाही. प्रत्येक घडी वाचता येते. त्याच तुकडीतला गारवुड त्या मुलखाचा नकाशा करत होता, हे ध्यानात ठेवून चित्रं पाहावीत.

माझं घोडं अडलं ते एका विशेषणावर. मी आधी 'अज्ञात शिखर' लिहिलं आणि खोडलं. तुकडीत रिनझिन नामग्याल होता. हा सर्वेक्षक त्या मुलखात आधीच हिंडलेला. शिखराचं नावही कुणा युरोपियनाने ठेवलेलं नाही. मग 'अपरिचित' लिहिलं. पण अपरिचित कुणाला? झेमूकाठच्या माणसाला की पुण्यातल्या वाचकाला? 'अल्पपरिचित' तर शब्दकोशातून उठून आल्यासारखा.

अशा वेळी मला मुंबईचे हरीश कापडिया आठवतात. त्यांनी वर्षानुवर्षं 'हिमालयन जर्नल'चं संपादन केलं आणि कमी चढल्या गेलेल्या शिखरांचे फोटो स्वतःही काढले. त्यांतले सगळेच काही मी भिंतीवर लावणार नाही. पण शिखराचं नाव, उंची, कुठल्या बाजूने घेतलंय हे कळलं, तर पुढच्या गिर्यारोहकाला त्यात वाट शोधता येते. सिनिओल्चूवर माणूस पोचला १९३६मध्ये, म्हणजे सेल्लानंतर ३७ वर्षांनी.

शेवटी मी विशेषण गाळलं आणि लिहिलं: 'सिनिओल्चू, ६८८८ मी., झेमू हिमनदीच्या बाजूने, १८९९'. संपादकांनी 'अपरिचित' परत घातलं. वाचकाला कुतूहल वाटायला हवं, म्हणाले. मुद्रितं आली तेव्हा मी ते पुन्हा खोडून पाठवलं.